सर, मॅडम, फोन उचला: मुंबईतल्या प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या विद्यापीठांमधले, कॉलेजांमधले, संशोधन संस्थांमधले सगळे प्राध्यापक. पर्मनंट, तासिका तत्त्वावरचे, रिटायर झालेले, सगळेच.

सर, मॅडम, नमस्कार.

मी एका मराठी न्यूज चॅनेलच्या गेस्ट डेस्कवर काम करते. म्हणजे संध्याकाळच्या चर्चेत स्क्रीनवर ज्या चार-सहा चौकटी दिसतात ना, त्यात बसायला माणसं गोळा करायची, हे माझं काम. दुपारच्या मीटिंगमध्ये विषय ठरतो, मग माझ्याकडे यादी येते की दोन प्रवक्ते, एक विश्लेषक आणि एक तज्ज्ञ. प्रवक्ते मिळायला काहीच त्रास नसतो, ते तर आपणहून फोन करून विचारतात की ताई आज काय विषय आहे. विश्लेषकाच्या जागी कुणीतरी ज्येष्ठ पत्रकार बसतातच. घोडं अडतं ते तज्ज्ञापाशी. आणि तज्ज्ञ म्हणजे तुम्ही. चॅनेलचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र माझं एकटीचं आहे आणि उद्या मला परत त्याच डेस्कवर बसायचंय.

मागणी तशी साधी आहे. बातमी तुमच्या विषयाची असेल तेव्हा बोला, त्याच दिवशी बोला, आठवड्याने नाही. मराठीत बोला. आणि आपल्या विषयापुरतंच बोला.

आता पावसाचंच घ्या. दरवर्षी ठरलेलं असतं, हिंदमाताला पाणी, मिलन सबवे बंद, कुर्ला-सायनच्या मध्ये लोकल उभ्या, आणि आमच्या स्क्रीनवर 'मुंबईची तुंबई'. अशाच एका सकाळी मी एका सरांना फोन लावला, सिव्हिल इंजिनीअरिंग शिकवतात, शहरातल्या पाण्याचा निचरा हाच त्यांचा विषय. ते स्वतःच ठाण्याला प्लॅटफॉर्मवर अडकलेले त्यामुळे वेळच वेळ होता, आणि त्यांनी चार मिनिटांत मला जे सांगितलं ते मी इतकी वर्षं या धंद्यात असून कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, दिवसभरात किती मिलिमीटर पडला यावर तुम्ही लोक ब्रेकिंग चालवता ना, ते सोडा, तासाला किती पडला ते विचारा. आपली जुनी गटारं आहेत ती तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, आणि तेही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. आता मुरायला जमीन ठेवलीय कुठे, सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांच्या योजनेचा रिपोर्ट आला, त्यात तासाला ५० मिलिमीटर आणि मुरणं शून्य असं धरून गटारं मोठी करायची ठरलं, पण पैसा नाही म्हणून २६ जुलै २००५ उजाडेपर्यंत बरंचसं कागदावरच राहिलं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला पाऊणशेसुद्धा नाही, एकाच शहरात! म्हणजे 'मुंबईत इतका पाऊस' या आकड्याला तसा काही अर्थच नाही, कुठल्या भागात आणि किती वेळात हे महत्त्वाचं.

मग भरती. समुद्राला मोठी भरती असली की गटाराच्या तोंडाशी समुद्राची पातळी वर येते, गेट बंद करावे लागतात नाहीतर समुद्रच आत शिरायचा, आणि मग आतलं पाणी पंपाने उचलून फेकायला लागतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, इर्ला, ब्रिटानिया, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं त्यासाठीच. हिंदमाता म्हणजे बशी आहे, चारी बाजूंचं पाणी तिथे उतरतं, म्हणून तर जमिनीखाली टाक्या बांधून पाणी साठवायची वेळ आली. हे सगळं त्यांनी लोकलच्या अनाउन्समेंटमधून ओरडून सांगितलं, मी डायरीत लिहून घेतलं.

मी म्हटलं सर, हेच असंच्या असं लाईव्हला बोलाल का, फोनवरच, स्टुडिओत यायची पण गरज नाही.

"छे छे, टीव्हीवर नको. माझं नाव पण नको."

झालं! संध्याकाळी शोमध्ये दोन पक्षांचे दोन प्रवक्ते होते, नालेसफाईत कुणी किती खाल्ले यावर अख्खा शो गेला. (नालेसफाईत कुणी खात नाही असं माझं बिलकुल म्हणणं नाही हं.) पण ज्या बाईच्या चाळीत पाणी शिरलंय तिला भरती किती वाजता आहे आणि त्या वेळेला पाऊस किती पडतोय हे बघायची अक्कल त्या दिवशी आम्ही देऊ शकलो असतो. ती माझ्या डायरीत राहिली.

याच्या उलट एक उदाहरण सांगते. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. त्या रात्री आमच्याकडे नुसता गोंधळ, जागा कुणाची, परवानगी कुणी दिली, फोटो कुणासोबत. दुसऱ्या दिवशी एका रिटायर्ड मॅडमनी फोनो दिला, म्हणजे फोनवरूनच लाईव्ह बोलल्या, स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकवायच्या त्या. त्यांनी काय सांगितलं तर, पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची आणि हे होतं १२० बाय १२०, ऐकताना तिप्पट वाटतं पण क्षेत्रफळ नऊ पट होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नाही होत, चौपट होतो. आणि उंची वाढली की तो सगळा जोर खाली पायावर आणखी लांबून येतो, त्यामुळे एवढ्या पत्र्याला पाया किती खोल लागेल ते तुम्हीच विचार करा. बस, एवढंच. कुणाचं नाव नाही, कुठल्या पक्षाचं नाव नाही. अँकर मध्ये बोललाच नाही कारण त्याला काय विचारावं हेच कळेना, आणि तो तुकडा नंतर माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर मलाच फॉरवर्ड होऊन आला. आमच्या सोसायटीत गच्चीवर मोबाईल टॉवर आणि जाहिरातीचा बोर्ड लावायचं चाललं होतं, मीटिंगमध्ये एका काकांनी उभं राहून विचारलं की वाऱ्याचा हिशोब कुणी केलाय का. हे प्रश्न लोकांना पडायला लागले की पुढचं आपोआप होतं, निदान पालिकेच्या माणसाला उत्तर तरी द्यायला लागतं.

गोखले पुलाचं आठवतंय ना? फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीला पुलाची एक बाजू उघडली आणि शेजारचा बर्फीवाला पूल खालीच राहिला, दोन्हींच्या मध्ये माणसाएवढा फरक. आठवडाभर नुसते मीम्स. आम्हीही चालवले, कशाला खोटं बोला. पण घरोघरी लोक एकच विचारत होते, आता हा पूल पाडणार की काय? त्याचं उत्तर माटुंग्याला व्हीजेटीआय या इंजिनीअरिंग कॉलेजमध्ये होतं. तिथल्या लोकांच्या सल्ल्याने खाली जॅक लावून बर्फीवाला पुलाचा तो भाग वर उचलला आणि जुलैत रस्ता जोडला गेला. अख्खा पूल उचलतात! ही केवढी मोठी गोष्ट आहे, दहावीतल्या पोराला इंजिनीअर व्हावंसं वाटेल अशी. ती किती मराठी माणसांपर्यंत पोचली? मीम्स मात्र सगळ्यांपर्यंत पोचले.

आता तुमची कारणं. ती मला पाठ झालीत.

पहिलं म्हणजे 'तुमच्या त्या चर्चेत मी नाही येणार, सहा जण एकदम ओरडतात.' हे शंभर टक्के मान्य. मी स्वतः घरी बघत नाही. तिथे भांडायचं असतं आणि भांडणाऱ्याला पैसे पक्षाकडून मिळतात, तुम्हाला काय मिळणार, चॅनेल तर मानधनही देत नाही, फार तर गाडी पाठवतं. पण सर, त्या चौकटीत बसणं म्हणजेच टीव्हीवर येणं असं कुठाय? तुम्ही अट घाला. पॅनेलमध्ये बसणार नाही, एकट्याचा फोनो घ्या, तीन मिनिटं, प्रश्न आधी पाठवा. सकाळच्या बुलेटिनला मागा, प्राईम टाईमला नको, सकाळी आरडाओरडा नसतो आणि घरातल्या बायका, म्हातारी माणसं नीट ऐकत असतात. नाहीतर मोबाईल आडवा धरून दीड मिनिटाचा व्हिडिओ करून पाठवा, कापाकापी नको असेल तर तसं लिहून पाठवा. डेस्कवरच्या पोरांना रेडीमेड मिळालेलं आवडतं, ते कापायच्या भानगडीत पडत नाहीत, आमच्याकडे माणसंच किती कमी आहेत. अटी घालणारा पाहुणा आम्हाला चालतो. फोन न उचलणारा चालत नाही.

दुसरं कारण परवानगी. 'तुम्ही लेखी ईमेल पाठवा, मी हेडना विचारतो, हेड प्रिन्सिपलना विचारतील.' मी ईमेल पाठवते. उत्तर येतं तेव्हा बातमी शिळी झालेली असते, आणि उत्तरात लिहिलेलं असतं की संस्थेच्या धोरणानुसार शक्य नाही. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्रा. नीरज हातेकर यांनी पत्रकार परिषद घेऊन तेव्हाच्या कुलगुरूंच्या कारभारावर बोट ठेवलं तर त्यांना निलंबित केलं होतं. पोरं त्यांच्या बाजूने उभी राहिली, पुढे निलंबन मागे घ्यावं लागलं, पण प्रत्येक स्टाफरूममध्ये तो किस्सा आजही असणार. आणि तुम्हाला 'घाबरू नका' म्हणायला माझं काय जातं, नोटीस तुम्हाला येणार.

तरी दोन गोष्टी म्हणते. एक, गटारात पाणी कसं वाहतं किंवा रेपो रेट वाढला की ईएमआय का वाढतो हे सांगायला सरकारवर टीका करावी लागत नाही. तो वर्गात रोज सांगता तोच धडा आहे, फक्त वर्ग मोठा आहे. दुसरं, सगळ्यांची भीती सारखी नसते. तासिका तत्त्वावर असलेल्या पोरा-पोरींनी आधी पुढे व्हावं असं मी कधीच म्हणणार नाही, नेट-सेट, पीएचडी करून ज्यांना पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही हे माहीत नाही त्यांच्या खांद्यावर हे कशाला. ज्यांची नोकरी पक्की आहे, ज्यांची दोन-तीन वर्षं उरलीत, ज्यांची पेन्शन सुरू झालीय, त्यांनी आधी बोलायला पाहिजे. आणि बुक्टू, एमफुक्टो या तुमच्या संघटना पगार, थकबाकी, पदभरती यासाठी इतकी वर्षं लढतायत, त्यांच्या मागण्यांमध्ये एक ओळ ही पण घाला ना, की आपल्या विषयावर माहिती द्यायला कुणाची परवानगी लागणार नाही. लेखी. एकदा लेखी झालं की प्रिन्सिपललाही बरं, त्यांच्या डोक्याचा ताप जाईल.

वेळ नाही हे तिसरं. पेपर तपासायला कॅप सेंटरला जायचंय, नॅकच्या फायली, ॲडमिशन, इलेक्शन ड्युटी. खरं आहे, आणि प्रमोशनच्या वेळी जर्नलमधला पेपर मोजतात, तीन मिनिटांचा फोनो कोण मोजणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही, हे कुलगुरूंनी आणि युजीसीने बघायचं. फक्त तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटंच असतात एवढं सांगते, चहा गार होत नाही तेवढ्यात.

आणि मग मराठी. 'मला इंग्रजीत विचारा, मराठीत टर्म्स येत नाहीत.' अहो सर, मराठी टर्म्स नका ना आणू! तुम्ही टर्म इंग्रजीतच म्हणा, रनऑफ म्हणा, फिस्कल डेफिसिट म्हणा, पुढचं वाक्य तुमची आई समजेल असं बोला, झालं. तुम्ही घरी मराठीतच बोलता ना? लग्नात, ट्रेनमध्ये, भाजीवाल्याशी? आमच्या प्रेक्षकाला शुद्ध पारिभाषिक मराठी नकोच आहे, ते ऐकलं की तो चॅनेल बदलतो. माझ्या यादीत असे कितीतरी जण आहेत की ज्यांच्या मुलाखती इंग्रजी पेपरात भरभरून येतात, नाव अस्सल मराठी, शाळा मराठी, आणि मराठीत बोला म्हटलं की मीटिंगमध्ये असतात.

जयंत नारळीकर घ्या. केंब्रिजहून आलेला माणूस, कुलाब्याला टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत होते, मग पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. विश्व कसं झालं याच्यावर जगभरच्या शास्त्रज्ञांशी वाद घातले आणि तेच मराठीत शाळेतल्या पोरांना पण सांगितलं. मुलं सही मागायला आली की म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. २०२१ मध्ये नाशिकला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते काही उगाच नाही. मे २०२५ मध्ये गेले तेव्हा आमच्या न्यूजरूममधली कॅमेऱ्यावरची पोरं पण हळहळली, ज्यांचा फिजिक्सशी काडीचा संबंध नाही. त्यांच्यासारखं व्हा असं नाही म्हणत मी, ते कुणाला जमणार. पण ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईने काय करावं यावर आमच्याकडे ज्योतिषी बसवलेला असतो, त्या दिवशी मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरहून किंवा कुलाब्याच्या टीआयएफआरहून एक मराठी फोन लागला तरी मी ज्योतिषाची खुर्ची काढायला लावीन. भांडीन त्यासाठी.

ज्यांनी उचलला फोन त्यांचं काय झालं तेही बघा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तिथपासून ११ मे २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत आणि त्यानंतरही पुण्याचे घटनातज्ज्ञ प्रा. उल्हास बापट किती वेळा बोलले असतील. दहावं परिशिष्ट, म्हणजे घटनेतला पक्षांतरबंदीचा कायदा काय आहे, दोन तृतीयांश असले तरी नुसतं फुटून चालत नाही, विलीन व्हावं लागतं, आधी एक तृतीयांशची फूट चालायची ती ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये काढून टाकली, हे त्यांनी न कंटाळता सांगितलं. आमच्या ऑफिसखालचा वडापाववाला मला 'परिशिष्ट' हा शब्द वापरून प्रश्न विचारायचा तेव्हा. निकाल कुणाला पटला, कुणाला नाही, तो भाग वेगळा, पण लोक वाद घालताना कलमावर बोलत होते. आता मला सांगा, मुंबईत लॉ कॉलेजं काय कमी आहेत? पुण्यालाच का फोन लावावा लागतो मला दर वेळेस?

किंवा २०२५ चं पहिलीपासून हिंदीचं प्रकरण. एप्रिलमध्ये जीआर आला, जूनमध्ये सुधारित आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले. मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे दीपक पवार त्या सगळ्यात रोज बोलत होते, तेही रस्त्यावर उतरून. त्यांची बाजू उघड होती आणि ती त्यांनी लपवली नाही, मला ते लपवालपवीपेक्षा बरं वाटतं. पण त्याच वेळी आणखी एक माणूस हवा होता, सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी किती लिप्या, किती भाषा कशा शिरतात हे ज्याने अभ्यासलंय असा. भाषाशास्त्रवाले, बालशिक्षणवाले. मी शोधत होते. ज्यांचे नंबर मिळाले त्यांनी 'हा राजकीय विषय आहे' म्हणून नको म्हटलं. राजकीय आहे म्हणूनच तर तुम्ही पाहिजे होतात!

तुम्ही येत नाही तेव्हा खुर्ची रिकामी राहत नाही हे लक्षात घ्या. आमच्याकडे एक सर आहेत, नाव घेत नाही, सोमवारी बजेट, मंगळवारी युक्रेन, बुधवारी बिबट्या, शुक्रवारी चांद्रयान. कधीही फोन करा, सर तयार, कोट पण घातलेला असतो. खरा विषय काय त्यांचा हे आता ते स्वतः पण विसरले असतील. त्यांना बोलावणाऱ्यांत मीही आहे, कारण पावणेसात वाजता चौकट भरायची असते आणि तुमचा फोन 'आउट ऑफ कव्हरेज' असतो. तुमच्यातलेच काही जण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांच्या क्लिपला हसतात, तेही मला माहितीये.

चुकीचं बोललो तर, ही भीती अजून एक. कोविडमध्ये आयआयटी कानपूर आणि हैदराबादच्या प्राध्यापकांनी लाटेचा अंदाज बांधायला केलेल्या 'सूत्र' नावाच्या गणिती मॉडेलची आकडेमोड रोज चालायची, दुसरी लाट एवढी मोठी येईल हे त्यात आधी दिसलं नाही. शिव्या बसल्या. पण मॉडेल कुठे कमी पडलं हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं, पुन्हा आकडे मांडले, आणि आकाश काही कोसळलं नाही. आणि अंदाज सांगायलाच पाहिजे असंही नाही. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसायला लागले, लोक थंडीत घराबाहेर झोपायचे, व्हॉट्सॲपवर तारीख-वेळेसकट मोठ्या भूकंपाचे मेसेज फिरत होते. तेव्हा जिऑलॉजीवाल्या एका सरांनी एवढंच सांगितलं की छोटे छोटे धक्के असे झुंडीने येतात, यातून मोठा येईल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जो तारीख सांगतोय तो खोटं बोलतोय. 'सांगता येत नाही' हे प्रवक्ता कधी बोलेल का? ते फक्त तुम्हीच बोलू शकता आणि लोक ऐकून घेतात, माझा अनुभव आहे.

लंडनला २००२ मध्ये सायन्स मीडिया सेंटर म्हणून सुरू झालं. त्यांचं काम काय, तर विज्ञानाची बातमी फुटली की काही तासांत त्या विषयातल्या चार-पाच शास्त्रज्ञांच्या दोन-दोन ओळी गोळा करायच्या आणि सगळ्या पत्रकारांना एकदम पाठवायच्या. एवढंच. याला काय मोठी बिल्डिंग लागते? मुंबईत तर सगळं एका लोकलच्या पासात आहे. मानखुर्दला उतरलं की विज्ञान शिक्षणाचं होमी भाभा सेंटर, देवनारला समाजशास्त्रांची टिस आणि लोकसंख्येचा अभ्यास करणारी आयआयपीएस, माटुंग्याला व्हीजेटीआय आणि केमिकलवाली आयसीटी, परळला केईएम, पवईला आयआयटी, गोरेगावला अर्थशास्त्राची इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट, कालिन्याला विद्यापीठ, कुलाब्याला टीआयएफआर. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीत बोलणारे शास्त्रज्ञ जमवतेच आहे. जनगणना आली, कारखान्यात गॅस गळला, पूल हलला, साथ आली, रुपया पडला, प्रत्येकाला या शहरात माणूस आहे. फक्त कोण कशावर बोलेल हे कुठेच लिहिलेलं नाही. वेबसाईटवर विभागाचा लँडलाईन असतो, तो वाजत राहतो, कधीतरी शिपाईकाका उचलतात आणि म्हणतात सर लेक्चरला गेलेत.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, पुढच्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे पाऊस यायच्या आत, प्रत्येक विभागाने एक कागद करा. त्यात किमान दोन नावं, प्रत्येकाचा नेमका विषय (नुसतं 'अर्थशास्त्र' नको, शेतीमालाचे भाव की बँका की महापालिकेचं बजेट ते लिहा), मराठीत बोलणार का, आणि दिवसातली कुठली वेळ चालेल. तो कागद वेबसाईटवर टाका, सगळ्या चॅनेलना आणि पेपरना पाठवा, एकट्या आम्हाला नको. वर्षातून एकदा बदला. ज्यांना कॅमेऱ्यासमोर यायचंच नाही त्यांनी लिहा की फक्त माहिती देऊ, नाव नको. तेही चालेल, ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवरच्या सरांसारखं, निदान अँकरच्या प्रश्नांत तरी ते उतरेल.

आणि त्या कागदावर लँडलाईन नको, मोबाईल नंबर द्या. शनिवारी-रविवारी पण बातम्या असतात.

आपली,
गेस्ट डेस्कवरची एक